तेल अंगाला, वस्तूंना नाही

(काजूचा हंगाम सुरू होण्याआधी झालेल्या प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या एका समुदाय संसाधन व्यक्ती ताईंनी केलेलं हे बोलणं. सभेला येऊ न शकलेल्या ताईंसाठी ते इथं देत आहोत. गटाच्या पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा.)



आजच्या सभेत परतफेडीचा विषय झाला, काजू बी एकत्र विकण्याचा विषय झाला. माझा विषय तसा लहान आहे. एका बाटलीएवढा. ही बघा बाटली. आशाताई आपल्याला बागेत जाताना लावायला देते ते गोचीड पळवायचं तेल. आता हात वर करा, ही बाटली कोणाकोणाच्या घरी आहे? बघा, जवळजवळ सगळ्यांचे हात वर आले. आता खरं सांगा, गेल्या हंगामात ती रोज कोणी लावली?

बघा, किती हात खाली गेले. लाजू नका. माझाही हात खालीच आहे. का खाली आहे, तेच सांगायला उभी राहिलेय.

माझा चष्मा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मला लांबचं आणि जवळचं दोन्ही दिसेना. मासिक पुस्तकात आकडे लिहिताना तीनचा आठ व्हायला लागला. गटाच्या बायका म्हणाल्या, आधी चष्मा कर, नाहीतर आमची बचत बुडवशील! मी अठराशे रुपये घालून चष्मा केला. अठराशे म्हणजे माझ्यासाठी किती दिवसांची मजुरी, ते तुम्हाला सांगायला नको.

हंगाम लागला. मी रोज सकाळी पायाला, हाताला, मानेला तेल लावायची आणि बागेत जायची. उन्हात घाम आला की चष्मा नाकावरून घसरतो. मग त्याच तेलकट बोटानं तो वर ढकलायचा. दिवसातून पन्नास वेळा. महिन्याभरात चष्म्याच्या काड्या पांढऱ्या पडल्या, हाताला चिकट लागायला लागल्या. भिंगावर ढग आल्यासारखं झालं, धुतलं तरी जाईना.

मी तणतणत दुकानात गेले. म्हटलं, मला खराब माल दिलात. त्या माणसानं काडी बोटांनी चोळून बघितली, वास घेतला आणि विचारलं, "हाताला काय लावता तुम्ही?" मी म्हटलं, गोचीडाचं तेल. तो म्हणाला, "मग त्यानंच झालंय."

घरी आले आणि ती बाटली मोरीच्या मागे ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी बागेत सगळ्यांना सांगितलं, ते तेल लावू नका, वस्तू खातं. त्यावर एकीनं सांगितलं, "माझ्या मोबाईलचा कव्हर पण चिकट झाला, ता ह्याच तेलान!" दुसरी म्हणाली, "माका नको गो ता तेल." अशा आम्ही पाच जणींनी तेल बंद केलं. मी गटाची अध्यक्ष, वर सीआरपी. माझ्या शब्दावर बंद केलं.

मार्च महिन्यात त्या पाचांतली एक तापानं पडली. डोकं फुटेल असं दुखणं, अंग ठेचल्यासारखं, डोळे लाल. दोन दिवस घरी काढले, मग आरोग्य केंद्र, तिथून पुढं, शेवटी गोव्यापर्यंत न्यावं लागलं. रक्त तपासलं, माकडताप निघाला. गटानं त्याच रात्री बैठक घेऊन अंतर्गत कर्जातून पंधरा हजार दिले. ती वाचली. पण तो हंगाम गेला आणि पुढचे दोन महिने तिच्यानं घागर उचलवेना.

तेल लावलं असतं तर तिला ताप आलाच नसता, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. पण तेल बंद करायला मी सांगितलं होतं, आणि कशासाठी, तर चष्म्यासाठी. ती मला आजवर एका शब्दानं बोललेली नाही. म्हणून मीच बोलतेय.

त्यानंतर मी आरोग्य सेविकाताईंकडे बसून सगळं समजून घेतलं. डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली. तेल सोडायचं नाही आणि वस्तूही घालवायच्या नाहीत. दोन्ही जमतं. फक्त क्रम बदलायचा.

आधी, तेल कशासाठी ते

नवीन सुनांसाठी थोडक्यात सांगते. १९५७ साली कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. तो हा आजार. तिथल्या जंगलावरूनच त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात, म्हणजे केएफडी. आपण म्हणतो माकडताप. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरीत दिसला आणि २०१६ पासून आपल्या दोडामार्गात. मग सावंतवाडी तालुक्यातही आला.

हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. गोचीड चावल्यानं होतो. आणि मोठी, फुगलेली गोचीड नाही हो, तिची लहान पिल्लं. तिळाएवढी, त्याहूनही बारीक. पालापाचोळ्यात असतात. आपल्याला वाटतं धूळ बसलीय. हिवाळा संपता संपता ती वाढतात आणि मेपर्यंत असतात. म्हणजे बरोबर आपल्या काजूच्या दिवसांत. आपण काय करतो? वाकून पालापाचोळ्यात हात घालून बी वेचतो. मग तिथंच बसून बोंडू पिळून बी सुटी करतो. गोचीडाला घरी बोलावण्याचाच प्रकार झाला.

चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी जोराचा ताप येतो. डोकं आणि अंग खूप दुखतं. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. काहींचा ताप उतरतो आणि आठ-पंधरा दिवसांनी परत येतो. शंभर आजाऱ्यांत तीन ते पाच जण दगावतात. याच्यावर नेमकं असं औषध नाही, वेळेवर दवाखाना हाच उपाय. म्हणून चावूच न देणं महत्त्वाचं. त्यासाठी अंगभर कपडे, तेल, आणि घरी आल्यावर अंघोळ करून अंग तपासणं.

तेल वस्तू का खातं?

आता मूळ मुद्दा. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. वाचता येत नसेल तर पोरांकडून वाचून घ्या. तिथं औषधाचं नाव असतं. साधारण चार नावं भेटतात.

पहिलं डीएमपी. त्याचं पूर्ण नाव डायमेथिल थॅलेट. गंमत बघा, हेच द्रव्य कारखान्यात प्लॅस्टिक मऊ करायला वापरतात. मग आपल्या चष्म्याची काडी मऊ झाली, तर त्यात नवल काय?

दुसरं डीट. हे १९४६ साली अमेरिकेच्या सैन्यासाठी तयार झालं आणि १९५७ पासून तिथल्या साध्या लोकांना मिळू लागलं. माकडताप सापडला तेच वर्ष. डास आणि गोचीड दोन्हीवर चांगलं चालतं. पण नेलपॉलिश काढायचं पाणी जसं नखावरचा रंग विरघळवतं, तसं हे काही प्लॅस्टिकं, रंग आणि वार्निश विरघळवतं.

तिसरं डेपा. हे आपल्याच देशात, ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत तयार झालं. कर्नाटकात माकडतापाच्या गावांत आधी डीएमपी वाटायचे, मग डेपा वाटायला लागले.

चौथं पिकारिडिन, कुठं इकारिडिन असंही लिहितात. हे गोचीडावर चालतं आणि प्लॅस्टिकला धक्का लावत नाही. दुकानात हे नाव दिसलं आणि परवडत असलं, तर चष्मेवाल्या ताईंनी जरूर घ्यावं. पण आपल्या हाती बहुतेक वेळा येतं ते पहिल्या तिनांतलं. म्हणून सवय अशी लावायची की बाटली कुठलीही असो, आपली वस्तू वाचली पाहिजे.

लक्षात ठेवा, ही तेलं आपल्या कातडीला तसं करत नाहीत. माझा चष्मा बघून एक ताई म्हणाली होती, "प्लॅस्टिक खाता, तर माझी कातडी काय सोडतला?" तिची भीती खोटी नव्हती, पण कातडी म्हणजे प्लॅस्टिक नाही. बाटलीवर लिहिलंय तेवढं आणि लिहिलंय तिथं लावलं, तर माणसाला चालतं.

कशाला जपायचं, कशाला घाबरायचं नाही

मी वस्तूंच्या दोन ओळी केल्यात. वहीत लिहून घ्या.

जपायच्या वस्तू या. चष्म्याची प्लॅस्टिक काडी आणि भिंगावरचा लेप. घड्याळाची प्लॅस्टिकची काच. मोबाईलचं कव्हर, त्याची बटणं, काचेवर चिकटवलेली फिल्म. बॅटरीची, म्हणजे टॉर्चची, पुढची पारदर्शक काच. रेक्झिनची पर्स. गाडीची सीट, कारण तीही रेक्झिनचीच, आणि तेलकट पोटऱ्या घेऊन आपण तिच्यावरच बसतो. गाडीच्या टाकीचा रंग. वार्निश मारलेली खुर्ची, बाजाचे पाय. चामड्याची चप्पल आणि पट्टा. गमबूट, कारण बाजारात मिळणारे बरेचसे पीव्हीसीचे असतात. प्लॅस्टिकच्या बांगड्या. मंगळसूत्रातले मणी काचेचे असतील तर काही होत नाही, प्लॅस्टिकचे असतील तर चिकटतात, आणि आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे आपले मणी कसले ते? नखांवरचं पॉलिश तर पहिल्याच दिवशी जातं.

आणि कपड्यात रेयॉन आणि लायक्रा. हल्ली बाजारातल्या बऱ्याच कुर्त्या रेयॉनच्या असतात, आणि ताणल्या जाणाऱ्या लेगिंगमध्ये लायक्रा असतं. त्यांना हे तेल लागू देऊ नका.

आणखी एक वस्तू, जी आपल्या गटाची आहे. बचतीच्या पासबुकावरचं प्लॅस्टिकचं कव्हर. गेल्या वर्षी एका गटात बागेतून थेट बैठकीला येऊन बायकांनी तेलकट हातानं पासबुकं हाताळली. कव्हरं एकमेकांना चिकटली. सोडवताना वरची छापील नावंच उठून आली. पुढं बँकेत कोणाचं कुठलं, ते आतली पानं उघडून शोधत बसावं लागलं.

आता न घाबरायच्या वस्तू. सुती साडी, सुती सदरा, सुती मोजे. लोकर. नायलॉन. काच. स्टीलचा डबा, लोखंडी कोयती. यांना काही होत नाही. बादली, कॅन, जाड पांढरी ताडपत्री यांचं प्लॅस्टिक वेगळं असतं, ते टिकतं. ओळखायची खूण सांगते. भांड्याच्या बुडाला एक त्रिकोण असतो आणि त्यात आकडा. २ किंवा ५ असेल तर निर्धास्त. ३ किंवा ६ असेल तर लांब ठेवा. आकडा नसेल, तर जपायचीच वस्तू समजा.

टेरिकॉटचं किंवा मिश्र कापड असेल, तर आतल्या बाजूच्या दुमडीवर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी कडक झालं, चिकट झालं, रंग सुटला, तर ते कापड बागेसाठी नाही.

आणि हे पक्कं लक्षात घ्या. एकदा प्लॅस्टिक खाल्लं गेलं की ते परत होत नाही. घासून, पॉलिश करून काही उपयोग नाही. थेंब पडला की लगेच साबणाच्या पाण्यानं पुसा, तरच वाचेल.

मग करायचं कसं?

मी आता रोज करते तेच सांगते. पाच मिनिटं लागतात.

एक. घरातच, निघण्याआधी, बागेचे कपडे घाला. लांब बाह्यांचा सुती सदरा, सलवार किंवा जुनी सुती पँट, तिची टोकं मोज्यात खोचलेली. साडीच नेसत असाल तर आत पँट घाला. फिकट रंग घ्या, म्हणजे चढलेली गोचीड दिसते.

दोन. चष्मा, घड्याळ, मोबाईल काढून खिडकीत ठेवा. मंगळसूत्र सदऱ्याच्या आत टाका. तेल लावून झाल्याशिवाय त्यांना हात नाही.

तीन. अंगणात उभं राहून तेल लावा. गाडीजवळ नाही, खुर्चीवर बसून नाही, चुलीपाशी तर अजिबात नाही, कारण काही फवाऱ्यांमध्ये अल्कोहोल असतं आणि ते पेट घेतं. कपड्याबाहेर जेवढं अंग आहे तेवढ्यालाच लावा: मनगटं, हाताची मागची बाजू, मान, कानामागं. कपड्याच्या आत लावायचं नाही. मोजे आणि सलवारीची खालची पट्टी सुती असेल, तर बाहेरून त्यांनाही लावा. डोळे, ओठ, जखम, खरचटलेलं सोडून द्या. तोंडाला लावायचं असेल तर आधी हातावर घ्या, मग हलकं लावा. तोंडावर फवारू नका.

चार. हे सगळ्यात महत्त्वाचं. तळहात आणि बोटं साबणानं धुवा आणि सुती फडक्याला पुसा. गोचीड तळहातावर चावायला बसत नाही, तिथं तेल असून फायदा नाही. आणि वस्तू बिघडते ती नेमकी तळहातानं. माझा चष्मा मानेवरच्या तेलानं गेला नाही, बोटावरच्या तेलानं गेला.

पाच. दोन-चार मिनिटं थांबा. तेल जिरू द्या. मग चष्मा घाला, मोबाईल घ्या. गाडीवर बसायचं असेल तर सीटवर जुनी सुती चादर घडी करून टाका. तीच चादर बागेत बसायलाही होते. पालापाचोळ्यावर थेट बसायचं नाही.

सहा. बाटली उभी, झाकण घट्ट, आणि स्टीलच्या छोट्या डब्यात. भाकरीच्या डब्याच्या आणि मोबाईलच्या पिशवीत नाही. गळालेली बाटली एका दिवसात सगळं नासवते.

घामानं तेल उतरतं. बाटलीवर किती तासांनी परत लावायचं ते लिहिलेलं असतं, त्याप्रमाणे लावा. तेव्हाही तेच: आधी चष्मा काढा, लावा, हात धुवा, मग चष्मा. त्यासाठी बागेत साबणाचा एक तुकडा आणि पाण्याची बाटली हवी. खाण्याआधी, पान-तंबाखू आधी, बाळाला पाजायच्या आधी हात धुवायचेच. अंगावर पाजणाऱ्या आईनं छातीजवळ तेल लावायचं नाही.

घरी आल्यावर उलटा क्रम. आधी हात धुवा, मग चष्मा, मोबाईल बाजूला ठेवा. कपडे बाहेरच काढून गरम पाण्यात भिजवा. गरम पाण्यानं साबण लावून अंघोळ करा आणि काखा, कंबर, गुडघ्यामागं, केसांच्या कडेला एकमेकींचं अंग तपासा. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ वर ओढा. काडी पेटवून लावू नका, रॉकेल टाकू नका, नखावर चिरडू नका.

मोबाईलसाठी बटवा

आपल्या शिवणकाम गटानं एक सोय केली आहे. जुन्या सुती साडीचा दोन पदरी बटवा, वर नाडी, गळ्यात अडकवायचा. आत मोबाईल साध्या पातळ पिशवीत, दुधाच्या पिशवीसारख्या. ती पिशवी तेलानं विरघळत नाही. बटव्याच्या बाहेर एक खण आहे, त्यात हात पुसायचं फडकं. म्हणजे फोन घेण्याआधी आपोआप हात फडक्याला लागतो. माझ्यासारख्या ज्या सीआरपी ताई मोबाईलवर माहिती भरतात, त्यांनी तो जरूर घ्यावा. काटा वापरणाऱ्या ताईंनीही लक्षात ठेवा. डिजिटल काट्याची बटणं तेलानं पुसली गेली, तर काजू बीचं वजन कोण सांगणार? काट्याजवळ साबण-पाणी ठेवायचं, हात धुतल्याशिवाय काट्याला हात लावायचा नाही.

ताईंनी विचारलेले प्रश्न

प्रश्न: गोठ्यात जनावरांच्या गोचीडाचं औषध असतं. ते स्वस्त आहे. तेच अंगाला लावलं तर?

उत्तर: अजिबात नाही. ते माणसाच्या अंगासाठी नाही. त्यानं विषबाधा होऊ शकते. फवारणीचं औषध कपड्यांवर मारायचं नाही, हेही त्यातच आलं. जनावरांच्या गोचीडासाठी पशुसखीला बोलवा. जनावरांवरची गोचीड कमी झाली तर आपल्या अंगणातलीही कमी होईल. त्यासाठी ते औषध, आपल्यासाठी हे तेल.

प्रश्न: सिट्रोनेला, निलगिरी, कडूलिंबाचं तेल लावलं तर वस्तूही वाचतील ना?

उत्तर: डासांसाठी थोडा वेळ उपयोग होतो. पण पालापाचोळ्यात वाकून चार तास काम करायचं आणि गोचीडापासून वाचायचं, तर त्यांच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न: मूल बरोबर न्यावं लागतं. त्याला लावू का?

उत्तर: शक्यतो या दिवसांत मुलांना बागेत नेऊच नका. गटानं पाळीपाळीनं एकीनं वाडीत थांबावं, मुलं सांभाळावीत. नेलंच तर बाटलीवर कोणत्या वयापासून चालतं ते वाचा, आशाताईला विचारा. आपल्या हातावर घेऊन मोठ्या माणसानंच लावायचं. मुलाच्या हाताला, तोंडाजवळ लावायचं नाही, कारण मुलं बोटं चोखतात.

प्रश्न: चष्म्याची काडी आधीच चिकट झालीय. आता?

उत्तर: ती बरी होणार नाही. दुकानात फक्त फ्रेम बदलून मिळते का विचारा, भिंग चांगलं असेल तर तेच बसवून देतात. या वेळी धातूची फ्रेम घ्या. मीही तेच केलं.

प्रश्न: मेलेलं माकड दिसलं तर?

उत्तर: हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही. ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र किंवा वनखात्याला लगेच कळवा. त्या भागात त्या दिवसापासून बी वेचायला जाऊ नका.

प्रश्न: ताप आला तर आधी घरची गोळी घेऊन बघायची का?

उत्तर: नाही. या आजारात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून दुखण्याच्या गोळ्या मनानं घेऊ नका. आरोग्य केंद्रात जा आणि पहिलं वाक्य हे सांगा, की "मी काजूच्या बागेत जाते." डॉक्टरांना त्यावरून पुढं काय तपासायचं ते कळतं.

शेवटी

ताईंनो, आम्ही पाच जणींनी तेल बंद केलं तेव्हा बाहेरून आलेले साहेब म्हणाले, बायकांना सांगून कळत नाही. मला तेव्हा राग आला होता. आम्हाला कळत होतं. आमची अठराशे रुपयांची वस्तू डोळ्यांसमोर नासत होती, आणि ती का नासतेय, ती कशी वाचवायची, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ज्याचा पैसा जातो तो जपतोच. पण जपताना आम्ही चष्मा जपला आणि माणूस उघड्यावर ठेवलं. ही चूक माझी, आणि ती मी पुन्हा करणार नाही.

म्हणून माझी विनंती तीन गोष्टींची. प्रत्येक गटानं हंगामाच्या पहिल्या बैठकीत एका ताईला तेलाची जबाबदारी द्यावी. बाटल्या कोणाला मिळाल्या, कोणाच्या संपल्या, हे तिनं बघावं. दुसरं, प्रत्येक बागेच्या कडेला एक साबण आणि एक पाण्याचा कॅन ठेवावा, खर्च गटानं वाटून घ्यावा. आणि तिसरं, कोणी ताई तेल लावत नसेल तर तिच्यावर ओरडू नका. तिला विचारा, "तुझी कुठली वस्तू गेली गो?" उत्तर ऐका. मग तिला हा क्रम दाखवा: आधी चष्मा काढ, तेल लाव, हात धू, मग चष्मा घाल.

माझी ती मैत्रीण आज इथंच बसली आहे, तिसऱ्या ओळीत. या वर्षी तिनं आमच्या गटात तेलाची जबाबदारी घेतलीय, मी न सांगता. काल तिनं मला विचारलं, "गो, हात धुवलंस काय?" मी म्हटलं, धुवलंय बाई, दोनदा.

तुम्ही सगळ्यांनी हा हंगाम चांगला काढा, बी चांगल्या भावानं विका, आणि मे संपल्यावरच्या सभेला सगळ्या जणी अशाच बसलेल्या दिसा.